लाँड्रीतलं रडणं

तिचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथेच पडून राहिलं. वर्तमानपत्राच्या कचेरीत शिपायापासून संपादकापर्यंत सगळे तिला बाजूबाई म्हणायचे, कारण दुसरी बाजू घेतल्याशिवाय ती बातमी हातातून सोडायची नाही. नळाला पाणी नाही म्हणून लोक ओरडतायत, तर ही पाणीखात्याला फोन लावणार. खातं म्हणालं पाणी आहे, तर ही परत जाऊन स्वतः नळ सोडून बघणार. एकदा एक चोर रंगेहाथ सापडला, वर आपल्या तोंडाने कबूलही झाला, तरी हिचं आपलं चालूच, "पण त्याच्या घरच्यांचं म्हणणं घेतलं का?" संपादकांनी टेबलावर कपाळ टेकलं. "बाई, पेपर उद्याचा आहे हो. पुढच्या जन्माचा नाही."

घरीही तोच कारभार. मुलगी शाळेतून नाक ओढत आली, "बाई मला ओरडल्या." बाजूबाईने पोरीला मांडीवर घेतलं, डोळे पुसले आणि त्याच हाताने शाळेत फोन लावला. तेव्हापासून पोरगी आपल्या तक्रारी थेट बापाकडे नेते. बापाचं एकच वाक्य ठरलेलं, "मी यात नाही." घरात भांडण झालं तरी तेच, मिक्सर जळला तरी तेच.

पुढे पेपर आधी पानांनी बारीक झाला, मग माणसांनी. बाजूबाईलाही एका दुपारी फुलांचा गुच्छ मिळाला, मालकांनी "आपलं योगदान संस्था कधीही विसरणार नाही" असं भाषण केलं, आणि दुसऱ्या दिवशी कपाटातली चप्पल आणायला गेली तर दारावरच्या माणसाने विचारलं, "कोण पाहिजे?" मग तिने एक जुना कॅमेरा घेतला. बातमीला आता पान उरलं नव्हतं, तर बातमीचा सिनेमा करू, असा साधा हिशोब. सिनेमा करणाऱ्यांनी ऐकला असता तर त्यांची हसून हसून पोटं दुखली असती.

विषय मात्र घरातूनच आला. तिची मोठी नणंद सरकारी इस्पितळाच्या लाँड्रीत कामाला. ही ताई म्हणजे बोलण्यात कात्री. एकदा जेवायला आली आणि पहिल्या घासालाच तिला असा खोकला लागला की भांडी वाजली.

"ताई, हे काय?"

"काही नाही गं. ब्लीच."

"सगळ्यांनाच होतं?"

"होतं की."

"मग कोणी बोलत कसं नाही?"

"तोंड उघडलं की आत जातं ना!" असं म्हणून ताई पाणी प्यायली आणि तिने भाजीला मीठ कमी असल्याचं जाहीर केलं.

झालं. बाजूबाईच्या डोक्यात किडा शिरला. ती लाँड्रीत जायला लागली. तळघरातली खोली, डोक्याला लागेल असं छत, खिडक्या रंगाने चिकटून बसलेल्या. एका भिंतीला धुण्याचे मोठे ड्रम, दुसऱ्या भिंतीला चादरी दाबणारा गरम रोलर. वरच्या मजल्यांवरून मळक्या चादरींचे गठ्ठे यायचे, प्रत्येकाच्या गाठीत वॉर्डाच्या नंबरचा बिल्ला. बायका गठ्ठा सोडायच्या, ड्रममध्ये कोंबायच्या, वर मगाने ब्लीच ओतायच्या, आणि पाच-सहा जणी एका सुरात खोकायच्या. बाजूबाईला तिथे अर्धा तास उभं राहिलं की जिभेला नाणं चाटल्यासारखी चव यायची.

ताईने कॅमेऱ्याला हो म्हटलं, पण अट घालून. "खोकताना घे, बोलताना घे, घामाने निथळताना घे. रडताना घेतलंस तर याद राख. रडक्या बायका टीव्हीवर रग्गड आहेत."

"तुम्ही कशाला रडताय ताई!"

"म्हणून तर सांगतेय."

इस्पितळाचीही बाजू घेतली. तिथल्या प्रशासक साहेबांनी उत्तर दिलं, 'याबाबत आमच्याकडे कोणतीही तक्रार प्राप्त झालेली नाही.' बाजूबाईने ते ताईला वाचून दाखवलं. ताई म्हणाली, "कशी होणार? तक्रारपेटी साहेबांच्या केबिनमध्ये आहे. चिठ्ठी टाकायला गेलं की तेच विचारतात, काय टाकतेस?"

पण घोडं अडलं ते पुढे. बोलणारी बाई एकच, आणि तीही सख्खी नणंद. उद्या कोणीही म्हणेल, घरचीच साक्ष आणि घरचाच न्याय. दुसरी हवी होती. दुसरी म्हणजे रोलरवरची. तिला सगळे इस्त्री म्हणायचे, आणि ती होतीच तशी, सरळ, कडक, गरम. लाँड्रीत तिचा शब्द चालायचा. ती बोलली असती तर बाकीच्या बोलल्या असत्या. पण कॅमेरा दिसला की इस्त्री रोलरच्या पलीकडे जायची. "मला यात ओढू नका. माझी नोकरी थोडी राहिलीय, ती घडी घालून नीट कपाटात ठेवू द्या."

शिवाय खोलीतल्या हवेची प्रयोगशाळेत तपासणी करायला हवी होती, आणि दाखवण्याआधी सिनेमा वकिलाच्या नजरेखालून घालायला हवा होता. दोन्हीला पैसे लागतात. नवऱ्याकडे बघितलं. नवरा म्हणाला, "मी यात नाही."

तेव्हा तिला प्रतिष्ठान सापडलं. पत्रकारितेच्या शिस्तीने माहितीपट करणाऱ्यांना अनुदान देणारं प्रतिष्ठान! त्यांच्या माहितीत लिहिलं होतं: तथ्यांची पडताळणी, एकापेक्षा जास्त स्रोत, संबंधितांना उत्तराची संधी. बाजूबाईने ते वाचलं आणि तिला वाटलं, कोणीतरी आपलीच पत्रिका छापलीय. तिने अर्ज केला. अर्ज पहिल्या चाळणीतून खाली आला आणि तिची निवड 'पिच'साठी झाली. पिच म्हणजे, ज्यांच्याकडे पैसे आहेत त्यांच्यापुढे अंधारात उभं राहून, आपल्याकडे पैसे नाहीत ही गोष्ट देखणी करून सांगायची.

त्याआधी एक मार्गदर्शक मिळाला. सुती सदरा, बारीक दाढी, आणि आवाज असा की जणू शेजारच्या खोलीत बाळ झोपलंय.

"आपण ना… आधी श्वास घेऊया," मार्गदर्शक म्हणाला. बाजूबाईने श्वास घेतला. "अजून… सोडू नकोस… आता सोड. हं. आता मला सांग, तू कुठे दुखतेस?"

"मी? कंबरेत."

"नाही गं. सिनेमात. या सिनेमात तू कुठे दुखतेस?"

"मी कुठे येतेच सिनेमात? तो लाँड्रीवर आहे."

मार्गदर्शकाने डोळे मिटले. त्याला फार दुखलं असावं. मग म्हणाला, "दाखव. जे आहे ते दाखव. मी फक्त अनुभवतो."

बाजूबाईने दाखवलं. छत, खिडक्या, ब्लीचचे डबे, प्रशासक साहेबांचं उत्तर, ताईची मुलाखत. मार्गदर्शक अनुभवता अनुभवता फोनकडे बघत होता. आणि मग ते दृश्य आलं.

त्या दिवशी ड्रमपाशी ताई एकटीच होती. समोर गठ्ठा होता. तिने गाठ सोडली, चादर हातात घेतली आणि तशीच उभी राहिली. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. हातात रबरी मोजे, म्हणून पुसताही येईना. गालावरून पाणी हनुवटीवर, हनुवटीवरून चादरीवर. बाजूला नुकताच ओतलेला ब्लीचचा डबा. बाजूबाईने कॅमेरा चालूच ठेवला. इतके महिने ज्याच्यामागे होती तो पुरावा डोळ्यांसमोर वाहत होता! ताईची अट तिला आठवली, नाही असं नाही. पण हे रडणं थोडंच होतं? हे तर ब्लीच होतं. ब्लीचला कसली आलीय अट?

"थांब!" मार्गदर्शक ताडकन उठला. बाळबिळ विसरला. "हे काय आहे? ही कोण?"

"माझी नणंद."

"हिचं दुःख काय?"

"फुप्फुसं."

"नाही गं, दुःख! घरी कोण कोण असतं हिच्या?"

"कोणी नाही. नवरा वारला."

मार्गदर्शकाचा चेहरा असा उजळला की एखाद्याचा नवरा वारल्याचा इतका आनंद बाजूबाईने उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. संध्याकाळपर्यंत टीझर तयार. टीझर म्हणजे पिचमध्ये दाखवायचा दोन-तीन मिनिटांचा तुकडा. त्यातून छत गेलं, खिडक्या गेल्या, साहेब गेले, डबा कापला गेला. उरली ताई, तिच्या हातातली चादर, गालावरचं पाणी आणि पियानो. शेवटी पांढऱ्या अक्षरांत, 'काही डाग धुतले जात नाहीत.'

"पण हे ब्लीच आहे," बाजूबाई म्हणाली.

"आपण कुठे नाही म्हणतोय?"

"पण बघणाऱ्याला वाटणार, ही नवऱ्यासाठी रडतेय."

"आपण कुठे तसं म्हणतोय? आपण काहीच म्हणत नाही." त्याने छातीवर हात ठेवला. "पियानो म्हणतो."

आता पियानोची दुसरी बाजू कोणाकडे मागणार? तिने तपासणीचा विचार केला, वकिलाचा केला, ताईच्या खोकल्याचा केला, आणि टीझर तसाच राहू दिला. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. असते, पण ती त्या दिवशी रजेवर जाते.

पिच एका मोठ्या हॉटेलच्या थंडगार सभागृहात होतं. इतकं थंडगार, की गरिबीवरचे सिनेमे सगळ्यांनी शाली पांघरून बघितले. मंचासमोर तीन परीक्षक. मधोमध अध्यक्षबाई, गळ्यात मोठाले लाकडी मणी. डावीकडे एक वकील, जो सतत लिहीत होता. उजवीकडे एक गृहस्थ, ज्यांनी दिवसभरात एकच शब्द उच्चारला आणि तो 'कॉफी' होता.

बाजूबाईच्या आधी एक तरुण दिग्दर्शक उभा राहिला. आत शिरताना डोक्यावर टोपी, मंचावर जाताना ती काढून हातात, बोलताना पुन्हा डोक्यावर. त्याचा सिनेमा त्याच्या आजोबांच्या मौनावर होता. "माझा सिनेमा माहिती देत नाही," तो म्हणाला. "तो माहितीला विचारतो, तू कोण?"

"आजोबा का बोलत नाहीत?" वकिलाने विचारलं.

"तेच तर!" टोपी म्हणाली.

अध्यक्षबाईंनी मण्यांवर हात ठेवला. "वाऽऽ."

मागे बसलेली बाजूबाई पुटपुटली, "पण आजोबांना विचारलं का कोणी?" शेजारच्याने शूऽऽ केलं.

मग तिचा नंबर लागला. तिने पाठ केलेलं बोलून दाखवलं, दिवे गेले, टीझर लागला. पियानो वाजला. ताईच्या गालावरून पाणी ओघळलं आणि पडद्यावरचा तो गाल एका मोटारीएवढा होता. सभागृहात कोणीतरी नाक ओढलं. मग आणखी कोणीतरी. दिवे लागले तेव्हा अध्यक्षबाई चष्मा काढून डोळे टिपत होत्या.

"मला ना, प्रश्न नाहीये," त्या म्हणाल्या. "मला फक्त एक निरीक्षण मांडायचंय. ही बाई… ती चादर… ती जणू त्याचीच चादर आहे. ती त्याला धुतेय. सोडवत नाहीये तिला. मी चुकतेय का?"

हो म्हणायचं होतं तिला, म्हणजे 'चुकत नाही' म्हणायचं होतं. तोंड उघडलंही. मार्गदर्शक खालून दोन्ही हातांनी 'श्वास, श्वास' अशी खूण करत होता. बाजूबाईने श्वास घेतला, आणि सोडताना त्याच्याबरोबर सगळंच बाहेर आलं.

"चुकताय," ती म्हणाली. "ते ब्लीच आहे."

"काय?"

"ब्लीच. चादरी पांढऱ्या करायचं. त्याच्या वाफेने डोळ्यांतून पाणी येतं. डबा तिथेच होता, तो आम्ही कापला. नवऱ्याचा काही संबंध नाही. पियानो पण आमच्याकडचा नाही."

घासात खडा लागावा तसा अध्यक्षबाईंचा चेहरा झाला. "ब्लीच," त्या म्हणाल्या. त्यांनी डोळे टिपलेल्या रुमालाकडे बघितलं. फुकट गेलेल्या अश्रूंचा परतावा मागायची सोय असती तर त्यांनी तिथल्या तिथे मागितला असता.

वकिलाने मान वर केली. "खोलीतल्या हवेची तपासणी झालीय?"

"त्यासाठीच अनुदान हवंय."

"म्हणजे झाली नाही," वकिलाने लिहून घेतलं. "आणि तपासणीशिवाय हे सिद्ध नाही."

"म्हणून तर पैसे मागतेय."

"सिद्ध नसेल तर पैसे कसे देणार?"

उजवीकडच्या गृहस्थांनी दुसरी कॉफी मागवली.

निकाल काय लागायचा तो लागला. अनुदान आजोबांच्या मौनाला. बाजूबाईला एक गोड पत्र आलं, की आपल्या बाणेदारपणाने आम्ही सारे अंतर्मुख झालो असून 'सत्य आणि आपण' या आमच्या परिसंवादात आपण बोलावं. मानधनाची तरतूद नाही. येण्याजाण्याचं आपलं आपण बघावं.

तरी पण सांगू का, बाईची मान ताठ होती. ती ताईकडे गेली ती जवळजवळ विजयाची मिरवणूक घेऊनच. ताई भांडी घासत होती. बाजूबाईने सगळं साभिनय करून दाखवलं. मार्गदर्शकाचा श्वास, टोपीचं चढणं-उतरणं, अध्यक्षबाईंचं 'वाऽऽ', आणि शेवटी स्वतःचं 'चुकताय!' ते जरा प्रत्यक्षापेक्षा मोठ्याने झालं.

ताई पातेलं विसळत म्हणाली, "म्हणजे मला रडताना दाखवलंस."

"रडताना नाही हो ताई, ब्लीच…"

"आणि पैसे पण घालवलेस."

"मग काय खोटं बोलू?"

"सांगायचं ना, नवऱ्यासाठी रडतेय म्हणून! जिता होता तेव्हा काडीचा उपयोग नव्हता. मेल्यावर तरी कामाला आला असता."

दोघी हसल्या. खूप हसल्या. ताईला हसता हसता खोकला आला, खोकता खोकता ती खाली बसली, आणि थांबल्यावर पदराने तोंड पुसत म्हणाली, "तसंही खरंच होतं ते."

"काय?"

"तुला कोणी सांगितलं ते ब्लीच होतं?"

"डबा होता ना तिथे."

"अगं, ब्लीच रोजचंच आहे. माझे डोळे त्याला कधीच निबर झालेत. नव्या पोरींच्या डोळ्यांत येतं पाणी. मला नुसता खोकला. तो गठ्ठा, हा गेला त्या वॉर्डाचा होता. बिल्ला बघितला नाहीस? त्या वॉर्डाचा गठ्ठा मी सोडत नाही. आला की इस्त्री मुकाट्याने आपल्याकडे ओढते आणि मला दुसरा ढकलते. इतकी वर्षं आमचं असंच चालतं, कोणी कोणाला काही बोलत नाही. त्या दिवशी ती रजेवर होती. मग मीच सोडला. त्याला तसलीच चादर होती, निळ्या काठाची."

पातेल्यातून पाणी वाहत होतं. कोणी नळ बंद केला नाही.

चोराच्या घरच्यांना विचारणारी बाई. शाळेत फोन लावणारी बाई. नळ सोडून बघणारी बाई. आणि जिच्या गालावरून पाणी वाहत होतं, तिला 'ताई, काय झालं?' एवढं विचारायला हिला सुचलं नव्हतं! भर सभेत, ध्वनिक्षेपकावर, छातीठोकपणे सांगून मोकळी झाली होती. आणि तो श्वासवाला, तो पियानोवाला, तो लबाड माणूस, काहीही न विचारता बरोबर ठरला होता. हे शेवटचं तर तिला जास्तच झोंबलं.

"मला दुरुस्ती द्यावी लागेल," ती म्हणाली. पेपरात चूक छापली की दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापायची, ही तिच्या हाडात मुरलेली सवय. "त्यांना कळवते. मी चूक सांगितलं, कारण असं असं होतं…"

"खबरदार." ताईने पातेलं आपटलं. "माझं रडणं काय तुमच्या त्या मंडळाच्या चावडीवर मांडायचं? एकदा दाखवलंस, ते गिळलं. आता वर बिल्ला लावून धाडणार?"

"पण चूक झालीय ताई!"

"चूक तुझी. रडणं माझं. दुरुस्ती करायची तर तुझ्या वाट्याची कर. माझ्या वाट्याला हात लावायचा नाही."

बाजूबाईने घरी जाऊन नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "बहीण माझी, बायको माझी. मी यात अजिबात नाही."

तेव्हा तिने प्रतिष्ठानाला एवढंच कळवलं: त्या दृश्याचं जे कारण मी मंचावर सांगितलं ते मी तपासलेलं नव्हतं आणि ते चुकीचं होतं. खरं कारण सांगण्याचा मला अधिकार नाही.

लगोलग अध्यक्षबाईंचा फोन. "किती सुंदर लिहिलंय तुम्ही! मी दोनदा वाचलं. पण मग… खरं कारण काय?"

"ते सांगता येणार नाही."

"फक्त आम्हा तिघांत राहील हो. बघा ना, आमच्याकडे राखीव निधीतलं थोडं शिल्लक आहे. मला मनापासून वाटतं तुम्हाला द्यावं." आवाज खाली आला. "ते तिचे मिस्टर… माझं निरीक्षण बरोबर होतं ना? नुसतं हो म्हणा. तेवढ्यावर मी समितीला तयार करते. ते दृश्य सिनेमाच्या सुरुवातीला ठेवा, बस."

पलीकडे पैसे होते. हवेची तपासणी होती, वकील होता. अलीकडे नुसतं एक 'हो' हवं होतं, आणि ते 'हो' अगदी शंभर टक्के खरं होतं. खोटं बोलायचंच नव्हतं! बाजूबाईने फोन या कानावरून त्या कानावर घेतला. आयुष्यात पहिल्यांदा तिच्याकडे पक्की, तपासलेली, थेट मूळ माणसाच्या तोंडची माहिती होती आणि मागणारा समोर होता.

"मला सांगता येणार नाही," ती म्हणाली.

"मग आम्ही नेमकं कशाने हेलावून जायचं?" अध्यक्षबाईंनी खरोखरच विचारलं. त्यांना खरंच कळत नव्हतं.

"खोकल्याने," बाजूबाई म्हणाली. फोन पलीकडून ठेवला गेला.

पुढच्या आठवड्यात तिने ताईला समोर बसवून ते दृश्य काढून टाकलं. ताईने चष्मा लावून खात्री करून घेतली, "गेलं? परत येणार नाही ना? तुमच्या त्या श्वासवाल्याकडचं?" त्यालाही फोन करून पुसायला लावलं. तो म्हणाला, "मी तुझा निर्णय अनुभवतोय." ताईने फोन हिसकावला, "अनुभव नंतर, आधी पूस."

पण लाँड्रीत भिंतींना नुसते कान नसतात, तोंडंही असतात. ताईने एकीला सांगितलं, एकीने दुसरीला, आणि इस्त्रीपर्यंत पोचेपर्यंत गोष्ट अशी झाली की ताईचा चेहरा मोठ्या हॉटेलात मोटारीएवढा लावला होता, बडे बडे लोक तिला बघून ओक्साबोक्शी रडले, आणि ताईने नाक मुरडून सांगितलं, काढा तो फोटो.

रविवारी सकाळी दारावर थाप पडली. इस्त्री उभी. ठेवणीतली साडी, केस घट्ट बांधलेले, चेहऱ्यावर पावडर.

"तुझ्या नणंदेला म्हणे हॉटेलात दाखवली."

"दाखवली होती. काढली."

"का? नीट रडली नाही?" इस्त्रीने चप्पल काढली आणि विचारायच्या आत खुर्चीत बसली. "तिचं रडणं हे असं, नळ गळल्यासारखं. त्यात काय बघायचं? माझी मोठी जाऊ गेली तेव्हा यायला हवं होतंस. लोक मला धरत होते, जाऊ तशीच पडून राहिली. लाव तुझं मशीन."

"पण तुम्हाला यात पडायचं नव्हतं ना? नोकरीचं म्हणत होतात…"

"तिला काढली का नोकरीवरून? नाही ना? मग मला बरी काढतील! मी नसले तर त्या रोलरला हात लावायची कोणाची छाती आहे?"

बाजूबाईने कॅमेरा लावला. तिने इस्त्रीच्या पदराला माइक अडकवला, खिडकीचा पडदा सारला आणि स्पष्ट सांगितलं, "मावशी, हे आता चालू आहे बरं का. बोलाल ते सगळं आत जातंय. नको असेल ते आत्ताच सांगा."

"जाऊ दे की. रडायचं कधी ते सांग."

"सांगते. आधी आवाज बघू." आणि मग तिने विचारलं, अगदी सहज, कारण आता न विचारता काही धरायचं नाही एवढं तिला कळलं होतं, "मागे तुम्ही रजेवर होतात म्हणे. काय झालं होतं?"

"ते होय? छातीचा फोटो काढायला गेले होते. मी, घड्या घालणारी आणि ती नवी पोरगी, तिघी. वरच्याच मजल्यावर, आपल्याच इस्पितळात. डॉक्टर मला विचारतो, किती वर्षं ओढताय? म्हटलं, काय ओढते? म्हणे, सिगारेट. मेल्याला म्हटलं, मी या हातांनी तुझ्या इस्पितळाच्या चादरी ओढते, दुसरं काही नाही. मग त्याने बाकीच्या दोघींचे फोटो पण शेजारी लावले, आणि तिन्हींकडे बघत उभा राहिला. नंतर साहेब खाली आले, म्हणाले, रजा भरपगारी देतो, पण हे बाहेर बोलायचं नाही. तशी काही मी बोलत नाही." इस्त्रीने पदर नीट केला, पावडर विस्कटली का ते हाताने चाचपलं आणि कॅमेऱ्याकडे तोंड वळवून घसा साफ केला. तो साफ व्हायला बराच वेळ लागला.

"हं. झाला तुझा आवाज बघून? आता रडू?"